इन्शुलिनची कुपी आणि घरखर्च



इन्शुलिनच्या शोधाचे हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप या संशोधकांनी १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला दिले. आज शंभर वर्षांनंतरही खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरील मजुराला तेच औषध घेताना खिसा चाचपावा लागतो. मग कुपी जास्त दिवस पुरावी म्हणून मात्रा कमी केली जाते किंवा एक दिवसाआड टोचले जाते. ही काटकसर नव्हे. ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांच्या ती काही दिवसांतच जिवावर बेतते.

खरी बचत हिशेबात आहे. साध्या मानवी इन्शुलिनच्या दहा मिलिलिटरच्या कुपीत ४०० युनिट असतात. तिच्या किमतीवर शासनाचे नियंत्रण असल्याने ती साधारणतः दीडशे ते पावणेदोनशे रुपयांत मिळते. रोज ३० युनिट घेणाऱ्यास ती तेरा दिवस पुरते. पेनात बसणाऱ्या नळीत ३०० युनिटच असतात, आणि नव्या प्रकारच्या इन्शुलिनचा दर युनिटमागे कितीतरी पट पडतो. रात्री साखर एकाएकी उतरणाऱ्या काही रुग्णांना ते आवश्यकही ठरते. तथापि ‘साध्या कुपीवर भागेल काय’ हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. परस्पर बदल मात्र करू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. तेव्हा कल्याणची खेप करण्यापूर्वी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जनऔषधी केंद्रातील दरही पाहावा.

कुपीवर ४० लिहिले असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० च्या औषधाला ४० ची सिरिंज वापरल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते.

उन्हाने नासलेले औषध हाही खर्चच. वापरात असलेली कुपी सावलीत, थंड जागी ठेवल्यास सुमारे चार आठवडे टिकते. शीतकपाट नसेल तेथे घट्ट झाकणाच्या डब्यात कुपी घालून तो डबा पाझरत्या माठात ठेवावा. पण भातसा, तानसा धरणांतून मुंबईची तहान भागविणाऱ्या या तालुक्यात वैशाखात पाड्यावर माठभर पाणीही दुर्मीळ होते, हे येथे कोणास सांगावयास नको. उपकेंद्रातील शीतपेटी लशींसाठी राखीव असते, तिच्यावर भार टाकता येत नाही. ग्रामपंचायत कार्यालयात एक छोटे शीतकपाट ठेवून रुग्णांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या न उघडलेल्या कुप्या त्यात सांभाळता येतील. वीज गेल्यावर ते उघडू नये, एवढे शिपायाला बजावून ठेवावे.