जुने दफ्तर आणि आपली साक्ष

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिली हा उपकारस्मरणाचा काळ होय. अशा समयी गतकाळाकडे दृष्टी वळावी हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गतकाळाचे आपण गुणगान करतो तो आपणांस कळला कसा? कोणीतरी तो लिहून ठेवला आणि दुसऱ्या कोणीतरी तो कागद जपला, म्हणून कळला. पूर्वजांच्या श्रद्धेविषयी आज पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. त्या श्रद्धेचा पुरावा ज्या कागदांत आहे, त्या कागदांविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

१५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. त्यांच्या आधी फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू या देशात आले होते. मागाहून येशूसंघाचे अनेक, तसेच डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचेही आले. गोव्यापासून मलाक्का, मकाव व जपानपर्यंत ते पसरले, आणि जेथे गेले तेथून आपल्या वरिष्ठांस पत्रे लिहीत राहिले. त्या काळी पोर्तुगालास जाणारी गलबते वर्षातून एकदाच सुटत. वाटेत वादळाचे व शत्रूचे भय असे. म्हणून महत्त्वाचे पत्र दोन किंवा तीन प्रतींत लिहून निरनिराळ्या गलबतांतून धाडीत. एक बुडाले तर दुसरे पोहोचावे. गोव्याहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रोमहून यावयास बहुधा दोन वर्षे लागत. जपानातून विचारणाऱ्यास तर त्याहूनही अधिक वाट पाहावी लागे.

ही पत्रे आज रोम येथे येशूसंघाच्या दफ्तरखान्यात, १६२२ साली स्थापन झालेल्या धर्मप्रसारमंडळाच्या दफ्तरात, लिस्बन येथे व अन्यत्र ठेविलेली आहेत. केवळ भारतातील येशूसंघाची पत्रे फादर योझेफ विकी यांनी संपादण्यास घेतली, तेव्हा १५४० ते १५९७ एवढ्या अवधीच्या कागदांचेच अठरा खंड झाले. पहिला खंड १९४८ साली व शेवटचा १९८८ साली निघाला. ज्या काळाविषयी आपण “काही कळत नाही” असे सहज म्हणून टाकतो, त्या काळाने किती लिहून ठेविले आहे हे यावरून ध्यानी यावे.

तथापि कागद जुना आहे एवढ्याने तो संपूर्ण सत्य सांगतो असे नव्हे. पत्र लिहिणारा कोणासाठी तरी लिहीत असतो. १५४२ च्या डिसेंबरात संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांस लेखनाविषयी एक सूचना केली होती. मुख्य पत्र असे लिहावे की ते कोणासही दाखविता यावे व वाचणाऱ्याची भक्ती वाढावी. खासगी व अडचणीच्या गोष्टी निराळ्या कागदावर लिहाव्या. ही सूचना सुज्ञ होती. परंतु आज दफ्तर उघडणाऱ्याने ती विसरता कामा नये. ज्याने केवळ पहिले पत्र वाचले त्यास सर्वत्र विजयच दिसेल. ज्याने केवळ दुसरा कागद वाचला त्यास भांडणे व निराशाच दिसेल. दोन्ही जोडून वाचावे तेव्हाच खरी माणसे दृष्टीस पडतात. ती माणसे थकणारी व चुकणारी होती, आणि तरीही देवाच्या कामास लागलेली होती.

याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? त्यांचे वडील पोर्तुगीज व आई याच भूमीतील. लहान वयातच ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले व धर्मशिक्षणाच्या कामी सहाय्य करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, म्हणून काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते ब्रदर झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी हे वसईचे ब्रदर होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तीन जपानी व सतरा प्रापंचिक ख्रिस्ती जन होते. गोन्सालो त्या सहांपैकी एक.

आता ही हकीकत लिहिली कोणी ते पाहा. एक लेखक येशूसंघाचे फादर लुईस फ्रोइस. त्याच वर्षी जुलैत ते नागासाकी येथे मरण पावले. मरणापूर्वी काही महिने त्यांनी हा वृत्तांत लिहून ठेविला. दुसरे लेखक फ्रान्सिस्कन मार्सेलो रिबादेनेयिरा. ते हुतात्म्यांचे जपानातील सोबती होते, व त्यांचा ग्रंथ १६०१ साली बार्सिलोना येथे छापला गेला. या दोन संघांत त्या काळी जपानविषयी तीव्र वाद होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपविले होते. फ्रान्सिस्कन तरीही तेथे आले. १५८७ साली हिदेयोशीने धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, म्हणून येशूसंघीय जपून वागत. फ्रान्सिस्कन उघडपणे उपदेश करीत. १५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले, त्यावरील माल जप्त झाला आणि त्यातून हे संकट उद्भवले. दोष कोणाचा, याविषयी दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखविले.

हे ऐकून कोणास वाईट वाटेल. आम्हांस मात्र यात देवाची योजना दिसते. न्यायसभेत दोन मित्रांनी एकच साक्ष दिली तर न्यायाधीश तिचे फार मोल करीत नाही. परंतु ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा दोघांनी तीच गोष्ट सांगितली तर ती निःसंशय मानली जाते. ते सव्वीस जण श्रद्धेत अढळ राहून मेले, याविषयी दोन्ही संघांच्या कागदांत दुमत नाही. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि पोप नववे पायस यांनी १८६२ साली संतपद दिले. ते दफ्तरातील कलहामुळे डळमळले नाही. उलट त्या कलहाने साक्षीस बळकटी आली. म्हणून आमची विनंती अशी की, कागदात नाही अशी गोष्ट गोन्सालोंच्या चरित्रात कोणी भक्तीच्या भरात घालू नये. संतास आमच्या अलंकारांची गरज नाही.

याच न्यायाने दफ्तरातील अप्रिय गोष्टीही आपण वाचल्या पाहिजेत. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली हे मिशनऱ्यांच्याच पत्रांत लिहिलेले आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, तेथे धर्मन्यायसभा होती. ती उठल्यावर तिचे पुष्कळसे दफ्तर नष्ट करण्यात आले. ज्यांनी ते जाळले त्यांनी ख्रिस्तसभेची अब्रू राखली काय? मुळीच नाही. कागद गेले, दुःख राहिले, आणि खरे किती व खोटे किती हे ठरविण्याचे साधन मात्र हरवले. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दफ्तर अभ्यासकांस खुले केले, आणि १८८३ च्या पत्रात इतिहासकाराने असत्य लिहिण्यास धजू नये व सत्य सांगण्यास भिऊ नये, हा जुना नियम पुन्हा सांगितला. २००० साली संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रांच्या अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. ज्यास क्षमा मागावयाची आहे त्यास आधी आठवावे लागते.

आता कागद जगतो कसा, ते पाहू. मकाव येथे येशूसंघाचे चीन व जपानविषयीचे मोठे दफ्तर होते. १७४० च्या सुमारास ब्रदर जुआंव आल्व्हारिस व त्यांच्या सोबत्यांनी त्याच्या नकला करावयास घेतल्या. थोड्याच वर्षांनी, १७५९ साली, पोर्तुगालच्या राज्यातून येशूसंघास हद्दपार करण्यात आले. १७६२ साली मकाव येथील धर्मगुरूंस पकडून नेले, आणि मूळ कागदांपैकी पुष्कळ नाहीसे झाले. नकला मात्र लिस्बन येथे आजूदा राजवाड्याच्या ग्रंथालयात सुखरूप आहेत. जपानच्या धर्मकार्याचे पुष्कळसे ज्ञान जगास या नकलांवरून होते. एका ब्रदरने नक्कल करण्याचे कंटाळवाणे काम केले; त्याचे हे फळ.

आणखी जवळचे उदाहरण फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचे. या इंग्रज धर्मगुरूंनी १६०८ साली रोमला पत्र लिहून या देशाच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली होती. ती इच्छा सफळ झाली नाही. १६१६ साली रायतूर येथे पुराण निघाले ते रोमन अक्षरांत. पुढे १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण श्रद्धाळू घराण्यांनी तो हाताने उतरून घेतला व पिढ्यान्‌पिढ्या उपवासकाळात गाऊन वाचला. मंगळूरकडील अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली तो पुन्हा छापला गेला. छापखान्याने गमावले ते कुटुंबांनी राखले.

बंधुभगिनींनो, रोम व लिस्बन येथील पत्रांत एक मोठी उणीव आहे. त्यांत “अमुक गावी इतक्यांस बाप्तिस्मा दिला” असे वाचावयास मिळते. परंतु ते इतके जण कोण होते, त्यांची नावे काय, हे क्वचितच मिळते. शेतकरी, कोळी, मिठागरात राबणारा, मुलांस प्रार्थना शिकविणारा मास्तर, हे सर्व तेथे केवळ आकडे आहेत. त्यांचे नाव जेथे लिहिले जाते ते दफ्तर एकच: धर्मग्रामाची वही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली; १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींची रीत घालून दिली. तीत गव्हर्नराचा मुलगा व मोलकरणीचा मुलगा एकाच पानावर, एकाच शाईने नोंदले जातात. ख्रिस्तराज्याचे याहून सुंदर चित्र आम्ही दुसऱ्या कोणत्या दफ्तरात पाहिले नाही.

आमच्या सेवाकाळात एक वृद्ध माउली आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधीत आली होती. पाने वाळवीने खाल्ली होती. परंतु त्या ओळीत धर्ममातेचे नाव शाबूत होते. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण त्या बाईचे नाव घरात तिची आजी रोजच्या रोजरीत घेत असे, पण ती कोण हे कोणासच ठाऊक नव्हते. शेजारच्या ओळीतील नाव मात्र वाळवीच्या पोटात गेले होते. त्याच्या वंशजांस आता कोण सांगणार?

म्हणून या ज्युबिलीत आम्ही आपल्याकडे देणगीबरोबर आणखी एक गोष्ट मागतो. घरोघरी पेट्यांतून जुने विवाहाचे दाखले, आजोबांची पत्रे, प्रार्थनेच्या हस्तलिखित वह्या, दूर देशी गेलेल्यांची पाकिटे पडली असतील. ती रद्दीत घालू नका. मूळ कागद आपल्याकडेच ठेवा; त्याची नक्कल वा छायाचित्र धर्मग्रामास द्या. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी, स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवा. छायाचित्रामागे माणसांची नावे आजच लिहा, कारण ती ठाऊक असलेली माणसे आपल्यात थोडीच उरली आहेत. तरुणांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या तोंडच्या गोष्टी व गाणी उतरून घ्यावी, आणि कोणी सांगितले व कधी सांगितले हेही लिहावे. धर्मग्रामाच्या वह्यांची नक्कल करण्याच्या कामी सुवाच्य अक्षराची चार मुले-मुली आम्हांस मिळाली तर आम्ही त्यांचे ऋणी राहू.

पुढील ज्युबिलीस आपल्यापैकी बहुतेक जण नसू. त्या वेळी या व्यासपीठावर जो उभा राहील तो आपल्याविषयी काय बोलेल, हे आपण काय लिहून ठेवतो व काय जपतो यावर अवलंबून आहे. आपली नावे स्वर्गात लिहिलेली असावीत हीच मोठी गोष्ट. तरी पृथ्वीवरची वही ज्यांच्या स्वाधीन केली आहे त्यांनी ती विश्वासूपणे राखावी. गोन्सालोंसारख्या साक्षीदारांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपणांस सत्यप्रीती देवो, आणि आपल्या या धर्मग्रामावर त्याचा आशीर्वाद सदैव राहो. आमेन.