डोळे आले, पण कशाने?

पावसाळ्यात एखाद्या सकाळी घरातल्या मुलाच्या पापण्या चिपडांनी चिकटलेल्या आढळतात आणि आई म्हणते, "डोळे आले." पाहता पाहता धाकट्या भावंडाचे डोळे येतात, मग शेजारच्या घरातले आणि आठवड्याभरात वर्गातले अर्धे बाक रिकामे पडतात. सर्वत्र नाव एकच. परंतु रोग एकच असतो असे मात्र नाही.

साथीने येणाऱ्या या विकारामागे बहुधा विषाणू असतात आणि त्यांची दोन घराणी प्रमुख आहेत. पहिले ॲडिनोव्हायरसचे. त्याच्या आठव्या प्रकाराचा डोळ्यांच्या साथीशी असलेला संबंध १९५५ साली अमेरिकेत अर्नेस्ट जावेट्झ यांनी दाखविला. याची चाल संथ. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसू लागण्यास आठवडा लागतो. मात्र कधी कधी बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर बारीक ठिपके उमटून दृष्टी कित्येक महिने अंधुक राहते.

दुसरे घराणे एंटेरोव्हायरसचे. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला, त्याच वर्षी आफ्रिकेतील घाना देशात ही साथ उद्भवली आणि लोकांनी तिला 'अपोलो' म्हटले. १९७१ साली ती बंगालमध्ये 'जय बांगला' या नावाने गाजली. हिची चाल वेगवान. एकदोन दिवसांतच डोळा सुजतो, पांढऱ्या भागात रक्ताचे डाग दिसतात आणि बहुधा आठवडा-दीड आठवड्यात तो पूर्ववत होतो. याच घराण्यातील कॉक्सॅकी ए-२४ या विषाणूचा एक उपप्रकार १९७० साली सिंगापूरच्या साथीत सापडला होता.

२०२३ च्या पावसाळ्यात हैदराबादेत डोळ्यांची मोठी साथ आली. तेव्हा तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या संशोधकांनी रुग्णांच्या डोळ्यांतील स्राव तपासला. अशा तपासणीत पापणीच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, त्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्य अनेक पटींनी वाढवितात आणि त्याची अक्षरमाला वाचतात. गुन्हेगार ओळखला गेला. तो होता कॉक्सॅकी ए-२४ चाच उपप्रकार.

कोणी विचारील, नाव कळून रोग्याला काय लाभ? लाभ असा की, साथ कोणत्या विषाणूची आहे हे ठाऊक असले म्हणजे ती किती वेगाने पसरेल, मुलांना किती दिवस घरी ठेवावे आणि कोणाच्या बुबुळावर नजर ठेवावी, हे वैद्यांना सांगता येते. जंतुनाशक थेंबांनी विषाणू मरत नाही, हेही पटते. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली ओसरते खरी. परंतु मूळ कारण नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणू असेल, तर त्याच थेंबांनी बुबुळावरील व्रण चिघळून दृष्टी जाऊ शकते. शेजाऱ्याची उरलेली बाटली म्हणूनच धोक्याची.

आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते येतात हातांनी, पंचाने, रुमालाने, काजळाच्या एकाच डबीने. या विषाणूंवर मद्यार्कयुक्त द्रावापेक्षा साबण आणि वाहते पाणी अधिक भरवशाचे. विषाणूचे नाव शोधणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. त्याची वाट अडविणे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.