रोझी आणि पिंपरीच्या कामगार मुली

लाल रुमालात केस बांधलेली, बाही सरसावून दंड दाखवणारी अमेरिकन कामगार स्त्री तुम्ही चित्रात पाहिली असेल. लोक तिला रोझी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि विमानांच्या, दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या. जे. हॉवर्ड मिलर यांचं हे भित्तिपत्रक १९४३ साली वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं. ते जगभर गाजलं १९८०च्या दशकात. युद्ध संपताच यातल्या कित्येकींची कामं गेली, हे मात्र चित्रात दिसत नाही.

पुण्याजवळच्या पिंपरीत स्त्रियांसाठी कारखान्याचं दार युद्धाने उघडलं नाही. १९७४मध्ये, पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी अट होती. इंजिनिअर सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना खरमरीत पोस्टकार्ड धाडलं. मुलाखत झाली, नोकरी मिळाली.

कामगार स्त्रियांची वाट याहून बिकट होती. १९४८च्या कारखाना कायद्याने त्यांना रात्रपाळीची मनाई केली. तीन पाळ्यांच्या कारखान्यात ही अडचण फार मोठी. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने सुरक्षिततेच्या अटींवर ती मनाई उठवली. आज पिंपरीत टाटा मोटर्सच्या एका जुळणी विभागात हॅरियर आणि सफारी गाड्या मुलीच जोडतात. त्यांचंही एक चित्र हवं, आणि ते आपल्याच चित्रकाराने काढावं, असं मला मनापासून वाटतं.