पेरू देशात राष्ट्राध्यक्ष का टिकले नाहीत?



आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या देशाची हकीकत सांगणार आहोत. त्या देशाचे नाव पेरू. नाव ऐकून हसू नका. हा पेरू खायचा नव्हे! हा दक्षिण अमेरिकेतला देश आहे. तिथे अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. आपण उपासाला बटाटा खातो ना, तो मुळचा त्याच डोंगरांतला. डोंगरातले लोक शेती करतात, मेंढरे राखतात. त्यांतले पुष्कळ जण केचुआ नावाची भाषा बोलतात.

तिथे राजा नाही. लोक मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडतात. त्याची मुदत पाच वर्षांची. पण २०१६ ते २०२५ या काळात काय झालं, बघा. नऊ वर्षांत त्या खुर्चीवर सात माणसे बसली. त्यांतले दोनच लोकांनी निवडलेले होते, आणि दोघांनाही मुदत पुरी करता आली नाही.

घरात दर वर्षी कारभारी बदलला, तर पेरणी वेळेवर होईल का? देशाचेही तसेच आहे. मग हे असे का झाले?

पेरूत मतदार वेगवेगळी मते देतो. राष्ट्राध्यक्षाला वेगळे आणि कायदेमंडळाला वेगळे. त्या काळात कायदेमंडळात १३० सभासद होते. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुतेक सभासद दुसऱ्या पक्षांचे, असे होऊ शकते. हे आपल्याला समजायला कठीण नाही. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट गावाने निवडण्याची पद्धत आली. २०२० साली ती बंद झाली व २०२२ साली पुन्हा आली. सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे असले, म्हणजे बैठकीत काय होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. एक बैल बांधाकडे ओढतो, दुसरा ओढ्याकडे. नांगर जागचा हलत नाही.

२०१६ साली कुचिन्स्की नावाचे गृहस्थ निवडून आले. त्यांच्या पक्षाचे सभासद किती? फक्त १८. विरोधी पक्षाचे एकट्याचे ७३!

पेरूच्या राज्यघटनेत एक कलम आहे. राष्ट्राध्यक्ष 'नैतिकदृष्ट्या कायमचा अपात्र' ठरला, तर कायदेमंडळ त्याला काढू शकते. त्यासाठी ८७ मते लागत. पण अपात्र म्हणजे नेमके काय, ते घटनेत सांगितलेले नाही. शब्द ढिला, म्हणून ज्याच्या हाती मते जास्त, त्याच्या हाती चाबूक.

कुचिन्स्की यांच्यावर एका बांधकाम कंपनीच्या पैशांवरून आरोप झाले. एकदा ते वाचले. पुढे सभासदांची मते विकत घेण्याच्या खटपटीच्या चित्रफिती बाहेर आल्या. मार्च २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मग उपाध्यक्ष विझकारा खुर्चीवर बसले. त्यांना स्वतःचा पक्षच नव्हता. २०१९ साली त्यांनी कायदेमंडळ बरखास्त केले. नवे मंडळ आले, त्यात नऊ पक्ष. एक ना धड, भाराभर चिंध्या! त्या मंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये १०५ मतांनी विझकारांना काढले. त्या वेळी करोनाची साथ चालू होती. लोक रागावले. तरुण पोरे रस्त्यावर आली. त्यांतले दोघे जिवानिशी गेले. नवा अध्यक्ष आठवडाभरही टिकला नाही.

२०२१ साली पेद्रो कास्तियो निवडून आले. हे खेड्यातले शाळामास्तर. त्यांच्या पक्षाचे चिन्ह होते पेन्सिल. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना वाटले, आता आपला माणूस आला. पण पहिल्या फेरीत अठरा उमेदवार उभे होते. त्यात कास्तियोंना शंभरांत एकोणीस मतेच पडली होती. कायदेमंडळात त्यांच्या पक्षाचे १३० पैकी ३७ सभासद. आणि तो पक्षही त्यांनी वाढवलेला नव्हता. निवडणुकीपुरते ते त्यात गेले होते. वर्षभरात त्यांनी तो सोडला.

पुढे काय झालं? सतरा महिन्यांत पाच पंतप्रधान झाले आणि सत्तरहून अधिक मंत्री. मंत्र्याला खात्याचे कागद वाचायलाही वेळ मिळाला नसेल. मग शाळेचे, खताचे, दवाखान्याचे काम कोण बघणार?

७ डिसेंबर २०२२ रोजी कास्तियोंना काढण्याचा तिसरा ठराव यायचा होता. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केले, की कायदेमंडळच बंद! हे घटनेला सोडून होते. सैन्याने साथ दिली नाही. त्याच दिवशी मंडळाने त्यांना काढले आणि त्यांना अटक झाली.

डोंगरातले लोक पेटून उठले. आमचे मत तुम्ही फुकट घालवले, असे ते म्हणू लागले. आयाकुचो, हुलियाका अशा गावांत गोळीबार झाला. त्या काही महिन्यांत पन्नासच्या आसपास माणसे मेली. कास्तियोंनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या दिना बोलुआर्ते यांना ज्या पक्षांनी जवळजवळ तीन वर्षे सांभाळले, त्यांनीच ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना काढले.

आता विचार करा, दोष कुणाचा? काही अध्यक्षांचे वागणे खरोखर वाईट होते. वाईट कारभाऱ्याला काढता आलेच पाहिजे. पण खरे दुखणे त्याहून खोल आहे. पेरूत जुने पक्ष मोडले. १९९० साली फुजिमोरी निवडून आले, त्यांच्यामागेही बहुमत नव्हते. १९९२ साली त्यांनी सैन्याच्या बळावर कायदेमंडळ बंद केले. त्यानंतर बरेचसे पक्ष जत्रेतल्या राहुट्यांसारखे झाले. निवडणूक आली की उभे राहतात, संपली की उठतात. गावात शाखा नाही, सभा नाही, हिशोब नाही. असा पक्ष अध्यक्षाला आधारही देत नाही आणि आवरही घालत नाही.

मत मिळवायला पेरूच्या गरिबांना फार थांबावे लागले. निरक्षर माणसाला तिथे मत मिळाले, ते १९७९ च्या राज्यघटनेने. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासूनच निरक्षरालाही मत होते. इतक्या मोलाची वस्तू मिळूनही ती हातून निसटू शकते, हे पेरूच्या शेतकऱ्याने पाहिले.

म्हणून आम्ही सांगतो, मत देताना माणूस बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या बरोबर कोण आहेत, ते विचारा. त्यांचा पक्ष निवडणुकीनंतर गावात येतो का? हिशोब दाखवतो का? त्याच्या सभेत तुम्हाला बोलता येते का? आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा नावाच्या पुढचेही वाचा. बी पेरून घरी बसणाऱ्याचे पीक पाखरे खातात. मत हेही पेरलेले बी आहे. त्याची राखण आपणच करायची.