पुण्यातले परदेशी विद्यार्थी आणि अभ्यासाची इंग्रजी



आज बोलायचं आहे ते पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलामुलींबद्दल. कोंढव्यात किंवा कॅम्पात राहणाऱ्यांना ही मंडळी नवी नाहीत. कुणी येमेनहून आलेलं असतं, कुणी सुदान, इराक किंवा अफगाणिस्तानातून. काही स्वतःच्या खर्चाने येतात, काही भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. ही परिषद मौलाना अबुल कलाम आझादांनी १९५० मध्ये सुरू केली. दुकानात, मशिदीत यांची आपली भेट होते, सलाम-दुआ होते. वर्गात त्यांचं काय होतं, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

बहुतेकांची शाळा स्वतःच्या भाषेत झालेली असते. येमेनमध्ये अरबीतून, अफगाणिस्तानात दरी किंवा पश्तूतून. इथे एकदम इंग्रजी. त्यात प्राध्यापक अवघड मुद्दा सोपा करायला मराठी-हिंदीवर येतात. आपल्याला तो मुद्दा तिथेच कळतो, त्यांचा तिथेच सुटतो. मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि ‘हा कच्चा आहे’ असा शिक्का बसतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेलं असतं. त्यांना एक वर्षही वाया घालवणं परवडत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅम चालला नाही तर आम्ही आधी चूक नेमकी कुठे आहे ते शोधतो, मग दुरुस्ती करतो. इथेही तेच करा. एकच गणित दोनदा द्या. एकदा इंग्रजी वाक्यांत, एकदा फक्त चिन्हांत. दुसरं सुटलं आणि पहिलं अडलं, तर त्याला गणित येतंय, भाषा अडतेय. चिन्हांचीही एक गंमत आहे. बऱ्याच अरब देशांतल्या शाळांत समीकरण उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि आपण जिथे ‘एक्स’ लिहितो तिथे ‘सीन’ हे अक्षर असतं. त्यामुळे चिन्हांची ओळखही एक-दोन दिवस करून द्यावी लागते. एवढ्यावरून कुणाला ‘ढ’ ठरवायचं का?

दुसरी गोष्ट. ‘तो इंग्रजी तर छान बोलतो’ यावर जाऊ नका. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरित मुलांबद्दल त्यांचं निरीक्षण असं, की बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाची भाषा पक्की व्हायला ५ ते ७ वर्षं लागतात. रिक्षावाल्याशी भाडं ठरवणं वेगळं आणि प्रयोगाचा निष्कर्ष लिहिणं वेगळं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या पाहुण्यांकडे ७ वर्षं नाहीत, काही आठवडे आहेत. म्हणून काय शिकवायचं ते निवडावं लागतं. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं सत्र सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा ‘प्री-सेशनल’ वर्ग घेतात. त्यात भर असतो व्याख्यान ऐकून टिपणं काढण्यावर, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत लिहिण्यावर आणि चर्चेत बोलण्यावर. तो वर्ग आपल्याला परवडणार नाही, पण त्यातली कामं आपण करू शकतो.

शब्दांपासून सुरुवात करू. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठीय मजकुरात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. अशा मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘व्हेरी’, ‘सिग्निफिकंट’ ही त्यातली नेहमीची नावं. रोज १० कुटुंबं घेतली तर दोन महिन्यांत यादी संपते. वहीत तीन रकाने करा: इंग्रजी शब्द, त्याच्या भाषेतला अर्थ, आणि त्याच्याच पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य. तिसरा रकाना सोडू नका. सुटा पाठ केलेला शब्द परीक्षेत आठवत नाही.

मग प्रश्नपत्रिका. जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि उत्तरं बाजूला ठेवून फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. ‘डिफाइन’ म्हटलं तर व्याख्या पुरते. ‘एक्स्प्लेन’ला कसं आणि का सांगावं लागतं. ‘कम्पेअर’ला दोन्ही बाजू हव्यात. ‘जस्टिफाय’ला कारण हवं. हे न कळल्यामुळे विषय येत असूनही मार्क जातात.

तिसरं, तासाच्या आदल्या दिवशी धड्यातली शीर्षकं आणि आकृत्या एकत्र बघा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उद्या प्राध्यापक काय बोलणार याचा अंदाज असला, की चार शब्द निसटले तरी धागा सुटत नाही.

चौथं, त्यांची भाषा बंद करू नका. दोन येमेनी मुलांना आधी अरबीत वाद घालू द्या, मुद्दा पटू द्या, मग इंग्रजीत लिहायला सांगा. विचार ज्या भाषेत पक्का होतो, तिथून तो दुसरीत न्यायला सोपा जातो.

पाचवं, तोंडी परीक्षा. रोज पाच मिनिटं एक प्रश्न विचारा आणि उत्तर मोठ्याने द्यायला लावा. प्रत्येक चूक तिथल्या तिथे पकडू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. ‘सर, प्लीज रिपीट द क्वेश्चन’ हे वाक्यही सरावाचंच आहे. न कळलेलं परत विचारण्यात कमीपणा नाही, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

आणि तुमच्या वर्गात असा कुणी असेल, तर प्राध्यापक मराठीत काय म्हणाले ते दोन ओळींत इंग्रजीत लिहून त्याच्याकडे सरकवा. ते लिहिताना तुमचाही मुद्दा पक्का होतो. तुमच्यापैकी काही उद्या जर्मनीला, कॅनडाला जाल. तेव्हा वर्गात गप्प बसलेले तुम्ही असाल.

आठवड्यातले दोन तास द्या. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या शाखेची एक जुनी प्रश्नपत्रिका आणा, आणि जमलं तर शेजारच्या फ्लॅटमधल्या त्या परदेशी मुलालाही सोबत घेऊन या. सुरुवात क्रियापदांपासून करू.