यंत्र बंद पडलं तरी हिशेब शिल्लक राहतो

मी केडगावहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक आहे. आजचा विषय आहे, संगणक बिघडला तर त्यातला हिशेब परत कसा मिळवायचा. काही जणी म्हणतील, आमच्या घरात संगणकच नाही, आम्हाला काय त्याचं? पण आपली वही आता कुठे ना कुठे संगणकात चढलेली असते. नाबार्डने २०१५ साली गटांच्या नोंदी संगणकावर घ्यायला ई-शक्ती उपक्रम सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या दोन जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्रातला धुळे जिल्हा होता.

नवरात्राच्या आधी आमच्या कार्यालयातला संगणक अचानक बंद पडला. पुन्हा लावला तर आतून टकटक आवाज. गटांची कर्जखाती त्यातच. ही बातमी कळताच एक ताई धावत आल्या. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी महिन्यापूर्वीच भरला होता. म्हणाल्या, "माझं कर्ज फिटलंय हे आता कोण सांगणार? परत भरायचं का मी?"

संगणकात हार्ड डिस्क नावाची डबी असते. तिच्यातल्या चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात. वाचणारं टोक त्यांना न टेकता वरून फिरतं. ते टेकलं की ओरखडा पडतो आणि तिथली माहिती जाते. म्हणून टकटक ऐकू आली की संगणक लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघाल तर उरलेलंही जाईल. ती डबी घरी उघडू नका, धुळीचा कणसुद्धा तिला चालत नाही. असं काम धूळ नसलेल्या खास खोलीत होतं, खर्च हजारांत जातो आणि खात्री नसते.

आवाज नाही, पण संगणक सुरूच होत नाही, असं असेल तर धीर धरा. बरेचदा डिस्क चांगली असते, बिघाड दुसरीकडे असतो. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली उतरवून घेता येतात.

चुकून फाइल पुसली गेली, तर आधी रीसायकल बिनमध्ये बघा. तिथे नसेल तरी हार्ड डिस्कवर मजकूर बहुधा लगेच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी धडे आत असतात, तसं. पण त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की संपलं. म्हणून त्या संगणकावर काहीही साठवू नका, जाणकाराला बोलवा. नव्या एसएसडी डिस्कमध्ये पुसलेलं लवकर नाहीसं होतं, तिथे ही आशा कमी.

दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा, "आतली माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नका." पावती घ्या. काम झाल्यावर जुनी डिस्क परत मागा, तिच्यात आपले आधार आणि खाते क्रमांक असतात.

आमच्या डिस्कमधून काही निघालं नाही. मग हिशेब नव्याने उभा केला. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जळालेल्या फाइली दुसऱ्या कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा तयार कराव्या लागल्या. आम्हीही तोच रस्ता धरला. लेखापरीक्षणासाठी काढलेली मार्चअखेरची छापील प्रत हाताशी होती. एप्रिलपासूनचं जुळवायला बँकेचा खातेउतारा, सभासदांची पासबुकं, पावत्या आणि इतिवृत्ताची वही समोर ठेवली. तारीखवार एकेक रक्कम लावली. त्या ताईंच्या पासबुकात हप्त्याची नोंद आणि सही होती, त्याच दिवशीचा गटाचा भरणा बँकेच्या उताऱ्यात होता. कर्ज फिटलं हे सिद्ध झालं. मग प्रत्येक गटाच्या बैठकीत आकडे मोठ्याने वाचले आणि सह्या घेतल्या. एका गटाच्या दोन नोंदी काही केल्या जुळल्या नाहीत. त्यांचा निर्णय सगळ्यांसमोर झाला आणि इतिवृत्तात लिहिला गेला.

ज्या गटांच्या वह्या दर बैठकीला भरलेल्या होत्या, त्यांचं काम एका दुपारी झालं. जिथे पासबुकं कोरी होती, तिथे आठवडे लागले.

म्हणून हिशेब तीन ठिकाणी असावा. एक वहीत, एक संगणकात आणि एक बाहेर, म्हणजे दुसरीच्या घरी ठेवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये किंवा ईमेलवर. पेन ड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नका, वीज पडली किंवा व्हायरस शिरला तर दोन्ही जातात. तीन महिन्यांनी प्रत उघडून बघा, उघडत नसलेली प्रत काय कामाची?

आणि पासबुक सचिवाच्या पिशवीत नको, ते आपल्या घरी, आपल्या हातात हवं. हप्ता दिला की तिथेच नोंद आणि सही मागा. संकोच करू नका, तो आपला हक्क आहे. पुढच्या बैठकीला जाताना पासबुक बरोबर न्या आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा.