घडणावळीचे मोल



सोनाराच्या पेढीवर गेलेल्या माणसाला दोन आकडे ऐकावे लागतात : एक सोन्याचा आणि दुसरा घडणावळीचा. पहिल्याविषयी कोणी फारशी हुज्जत घालीत नाही. सारी घासाघीस चालते ती दुसऱ्यावर. पुढे अडीअडचणीला तोच दागिना मोडावयास नेला म्हणजे सोने वजनात भरते, घडणावळ मात्र कोणीच धरीत नाही. ही घडणावळ म्हणजे नेमके काय आणि ती गेली म्हणजे काय जाते, हा प्रश्न फ्रान्समधील जडजवाहिराच्या इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. आज आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रारंभ आपल्याच देशात आहे. ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने हिंदुस्थानातून एक मोठा निळा हिरा नेला व १६६८ साली तो चौदाव्या लुईला विकला. हा हिरा कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला, असे मानतात. आपल्याकडचे कारागीर पैलू पाडताना वजन राखीत. पॅरिसच्या कारागिरांना हवा होता प्रकाश. म्हणून १६७३ साली राजाचा जवाहिऱ्या पितो याने तो पुन्हा कापविला. सुमारे ११५ कॅरटांचा हिरा ६९ कॅरटांवर आला. वजन गेले आणि तेज आले. पदार्थापेक्षा घडण मोठी, हे त्या दरबाराने रोकडा तोटा सोसून मान्य केले होते.

पुढे १७४९ साली पंधराव्या लुईसाठी ‘सुवर्णलोकर’ या मानचिन्हाचा एक दागिना झाला. त्यात हा निळा हिरा होता आणि माणकासारखा दिसणारा एक लाल खडा, स्पिनेल, होता. त्या लाल खड्यावर जाक गे या कोरीवकाराने अखंड ड्रॅगन कोरला होता. १७९२ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, राजाचे जवाहीरखाने फुटले आणि तो दागिना चोरीस गेला. निळा हिरा पुन्हा कापला गेला. आज ‘होप’ या नावाने तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे आणि त्याचे वजन ४५.५२ कॅरट भरते. लाल खडा मात्र परत मिळाला. तो अद्यापि ड्रॅगनच आहे.

चोर दागिने मोडतात यात नवल नाही. परंतु १८८७ साली फ्रान्सच्या प्रजासत्ताक सरकारने स्वतःच राजघराण्याचे जवाहीर लिलावात काढले. राजे पुन्हा गादीवर येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. काही अलंकार तुकडे करून विकले गेले. घेणाऱ्या जवाहिऱ्यांनी खडे उचकटून नव्या कोंदणांत बसविले. सरकारने ज्या थोड्या वस्तू मागे ठेवल्या त्यांत रीजंट हा १४० कॅरटांचा हिरा होता आणि तो कोरलेला ड्रॅगनही होता. एक वाचला तो मुख्यतः मोलामुळे, दुसरा वाचला तो हातच्या कामामुळे. नंतर लूव्र संग्रहालयाने गेलेल्यांपैकी काही दागिने मोठ्या किमती मोजून परत मिळविले. पण जे मोडले गेले ते कोठून मिळणार?

त्याच सुमारास रने लालीक नावाचा एक तरुण पॅरिसमध्ये काम करीत होता. दागिन्याची किंमत खड्यावर का ठरावी, असे म्हणून त्याने जनावराचे शिंग, काच आणि मीना ही साधी द्रव्ये हाती घेतली. सोन्याच्या बारीक तारांच्या चौकटीत पाठीमागे पत्रा न ठेवता तो मीना भरी. त्यातून प्रकाश आरपार जाई. पतंगाचे पंख करावेत तर असे! १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे दागिने पाहून लोक थक्क झाले. गुलबेंकियन या धनिकाने त्याच्याकडून घेतलेल्या वस्तू आज लिस्बनच्या संग्रहालयात आहेत. त्या टिकल्या याचे एक कारण असेही असेल की त्या मोडून हाती लागणार काय? शिंगाचा तुकडा आणि काचेचा चुरा!

आता आपल्या जवळची गोष्ट. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या पेढीवरून नासपतीच्या घाटाचे दोन मोठे हिरे घेतले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्या काळात मोबुसाँ या दुसऱ्या पॅरिसकर पेढीने ते नव्या हारात गुंफले. मराठी पागोटे ल्यालेल्या यशवंतरावांचे बुते द मोंव्हेलने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात तो हार दिसतो. १९४६ साली ते हिरे अमेरिकेतील जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनकडे गेले. मालक बदलतात, कोंदण बदलते. हिरा प्रवास करीत राहतो.

यावर कोणी म्हणेल, “महाराज, आमच्या घरी दागिना म्हणजे पडत्या काळची शिदोरी. मुलाच्या शिक्षणाला पाटल्या मोडल्या, तेथे घडणावळीचे काय घेऊन बसता?” हे म्हणणे खोटे नाही. ज्या माउलीने ते केले तिला आम्ही नमस्कारच करू. परंतु गरजेने मोडणे वेगळे, आणि मोडताना काय जाते याची जाणीवच नसणे वेगळे.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी लूव्रमध्ये चोर शिरले आणि काही मिनिटांत राजघराण्याचे आठ अलंकार घेऊन पसार झाले. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पळताना त्यांच्या हातून पडला व चेपला. नुकसान ८ कोटी ८० लाख युरोंचे, असा आकडा सांगण्यात आला. पण जाणत्यांना खरी धास्ती पडली ती निराळीच : हे दागिने मोडले गेले तर? खडे सुटे विकता येतात, सोने आटविता येते; दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात मात्र कोणत्याही मुशीतून परत निघत नाही.

म्हणून घरी गेल्यावर आजीची नथ किंवा ठुशी एकदा उजेडात धरून पाहा. तिचे वजन आपल्याला ठाऊक असेलच. तिची घडण पाहा. एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.